कुठनं कापलंय?

"म्याडम, ह्यो सेक्शन कुठनं कापलाय?"

मिस्त्रींनी विचारलं तेव्हा त्यांच्या एका हातात माझं ड्रॉइंग होतं आणि दुसरा हात कपाळावर. मी आर्किटेक्ट; सेक्शन म्हणजे घर वरून खाली उभं कापलं तर आत जे दिसेल त्याचं चित्र. भोरच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर एका बंगल्याचं काम चालू होतं. पहिल्या मजल्याचा स्लॅब दुसऱ्या दिवशी सकाळी टाकायचा होता. सेंटरिंग, म्हणजे काँक्रिट ओतायचा फळ्यांचा साचा, झालेलं, सळया बांधून झालेल्या, वाळू ताडपत्रीखाली, मिक्सर आदल्या रात्रीच येऊन उभा. मी शेवटची नजर टाकायला गेले होते. खरं सांगायचं तर फोटो काढायला. जिन्याच्या तिरक्या फळ्यांवरून मिस्त्री पुढे, मी मागे. सहाव्या पायरीची खूण होती तिथे पोचल्यावर धप्पकन आवाज आला. बीमच्या तळाच्या प्लायला त्यांचं डोकं लागलं होतं. पांढरी टोपी घरंगळत माझ्या पायाशी आली आणि कपाळावर सेंटरिंगच्या तेलाचा काळा पट्टा उमटला. कुणी हसलं नाही. वर सळया बांधणारी पोरं वाकून बघत होती, तीही नाही.

हिशेबाला कागद लागला नाही. मजल्याची उंची १० फूट. बीम १८ इंची, म्हणजे त्याचा तळ साडेआठ फुटांवर. पायरी ६ इंचांची, म्हणजे सहाव्या पायरीवर माणूस ३ फूट वर आलेला. उरले साडेपाच. मिस्त्री साडेपाच फुटांपेक्षा बोटभर उंच होते, एवढाच त्यांचा दोष. आणखी १८ तासांनी हे सगळं काँक्रिटमध्ये बसलं असतं आणि पुढची पन्नास वर्षं त्या घरातली माणसं माझ्या नावाने कपाळ चोळत जिना चढली असती.

सेक्शन ड्रॉइंगमध्ये होता की. चांगला देखणा होता. वरच्या झाडापासून सुरू होऊन, दुमजली उंचीच्या हॉलमधून, मोठ्या खिडकीतून, पुढच्या व्हरांड्यावरून उताराने खाली ओढ्यापर्यंत गेलेला. हॉलमध्ये मी एक बाई उभी केली होती, हातात कप दिलेला. हा सेक्शन बघूनच घरमालक खूश झाले होते. पण ए-ए अशी खूण केलेली ती कापरेघ, म्हणजे घर कुठून कापलं ते सांगणारी प्लॅनवरची रेघ, जिन्याच्या चार फूट बाजूने गेली होती आणि बाण बघत होते उलट दिशेला. जिना माझ्या पाठीशी राहिला. दुसरा एक सेक्शन मंजुरीच्या नकाशात होता, जिन्यातूनच कापलेला, कारण तिथे तो मागतात. पण तो वर्षभरापूर्वीचा. स्लॅबची एक रेघ, बीमचा एक ठोकळा सवयीने काढलेला. आरसीसीवाल्यांनी, म्हणजे सळया-काँक्रिटचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरांनी, पुढे बीम १८ इंचांचा केला, तो त्यांच्या ड्रॉइंगमध्ये आला, माझ्या नाही. तो सेक्शन शिक्का मारून घेण्यापुरता होता. घर बांधायला कुणी तो उघडला नाही, मीसुद्धा.

मिस्त्रींच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं, "हॉलमधून." ते "हां" म्हणाले. त्या "हां"मध्ये राग नव्हता, आणि तेच मला कित्येक दिवस टोचत राहिलं.

कलिंगडवाला आठवत राहिला मग. आमच्या लहानपणी मंडईबाहेर कलिंगडवाले सुरीने त्रिकोणी काप काढून दाखवायचे. लालबुंद टोक हवेत धरून, "बघा, साखर आहे साखर!" आई हमखास म्हणायची, "इथून नको, दुसरीकडून काप." त्याला ठाऊक असायचं कुठे सुरी घालायची ते; जिकडून ऊन लागलंय तिकडून. आईलाही ठाऊक असायचं की त्याला ठाऊक आहे. मी पंचवीस वर्षं घरं कापून दाखवतेय. जिथे लाल निघेल तिथूनच बहुतेक वेळा.

एक गंमत सांगते. फ्लॅटच्या जाहिरातीत प्लॅन असतो, रंगीत, सोफा-पलंग मांडलेला. सेक्शन कधी बघितलाय? मी अजून एकाही माहितीपत्रकात बघितलेला नाही. भाव चौरस फुटाला असतो; उंची जणू वर फुकट मिळते, म्हणून तिची चौकशी कुणी करत नाही. आणि खरं तर प्लॅन हाही छेदच. घर जमिनीपासून चारेक फुटांवर आडवं कापायचं, वरचा भाग टोपणासारखा उचलून ठेवायचा आणि आत डोकावायचं. पण आपल्याला तो कापल्यासारखा वाटत नाही, कारण आपण लगेच त्यात पलंग लावायला लागतो. उभा कापला की मात्र पलंग लावता येत नाही. तिथे पाणी कुठून कुठे उतरतं ते दिसतं, ऊन किती आत येतं ते दिसतं, संडासाच्या सांडपाण्याचा पाइप कुणाच्या डोक्यावरून जातो तेही दिसतं. बहुतेक घरमालक सेक्शन हातात घेतात, दोन क्षण आदराने बघतात आणि खालचा कागद वर घेतात.

मीही कॉलेजात तेच करायचे, फक्त आदराशिवाय. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात आर्किटेक्चर शिकणाऱ्या कुणालाही विचारा: सबमिशनच्या आदल्या रात्री तीन वाजता जे काढतात त्याचं नाव सेक्शन. प्लॅन झालेला असायचा, एलेव्हेशनवर, म्हणजे घराच्या दर्शनी चित्रावर, झाडंसुद्धा काढून व्हायची, आणि मग प्लॅनवर ट्रेसिंग ठेवून, मिनी ड्राफ्टरने रेघा खाली ओढून सेक्शन "पाडायचा". कापलेल्या भिंतींना ०.८चं पेन, मागे दिसणाऱ्याला ०.२. कागदाला घामाचा हात लागला की शाई धरायची नाही, म्हणून आधी टाल्कम पावडर चोळायची; होस्टेलच्या खोलीत अमोनिया प्रिंटचा वास आणि पावडरचा वास मिसळलेला असायचा, अजूनही कुठे टाल्कमचा वास आला की मला झोप अपुरी झाल्यासारखी वाटते. कापरेघ कशी घ्यायची याचं आमचं शास्त्र होतं. जिना टाळायचा, संडास टाळायचा, लेव्हल बदलते ती जागा टाळायची. अगदीच अडचण आली तर रेघ मध्येच काटकोनात वळवून अडचणीला वळसा घालायचा. नियमात बसतं ते. आमचे एक सर होते, ते हे ओळखून होते. काही न बोलता प्लॅनवर पट्टी ठेवायचे, नेमकी घराच्या सगळ्यात घोळ असलेल्या जागेवरून, आणि म्हणायचे, "इथून काप. आत्ता. माझ्यासमोर." पेन्सिलने उभ्या-उभ्या काढायला लागायचं. दोन मिनिटांत कळायचं की आपण खिडकी जिथे दिलीय तिथे जिन्याचा मधला टप्पा येतोय, आणि घरातला माणूस त्या खिडकीतून बाहेर बघू शकेल तो फक्त पालथा पडून.

चौथ्या वर्षी एका जुन्या घराची मोजमापं घेऊन ड्रॉइंग करायचं होतं. मी आजोळचं घर घेतलं, राजापूर तालुक्यातलं. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. मे महिन्यात मी आणि मामेभाऊ पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हली घेत हिंडत होतो. नळीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, आणि आजी म्हणत होती की पोरं घराला सलाइन लावतायत. पडवीच्या वळचणीची उंची निघाली ५ फूट २ इंच, आढं १८ फुटांवर. इतकी वर्षं त्या घरात शिरताना प्रत्येक मोठा माणूस वाकायचा, ते आम्हाला घराच्या मानापानाचं वाटायचं. कागदावर उतरल्यावर कळलं की पावसाची झड आडवी येते आणि ती ओटीपर्यंत पोचू द्यायची नसेल तर पाखं इतकंच खाली यायला हवं. माळ्यावर चुलीच्या नेमक्या वर सुक्या मिरच्या, आमसुलं आणि बियाणं ठेवलेलं असायचं. धूर माजघरात न पसरता वर जायचा, माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून त्या सगळ्याला हात लावून कौलांच्या सांदींतून बाहेर पडायचा. घराला धुराडं नव्हतं. सगळं छप्परच धुराडं. सकाळी अंगणातून बघितलं तर कौलांतून वाफ निघाल्यासारखं दिसायचं. आणि माजघरातलं ते एकमेव काचेचं कौल! दुपारी तिथून पडणारा उजेडाचा तुकडा जात्यापासून निघून पाटावरून कोठीच्या दारापर्यंत सरकायचा, आणि दारापाशी पोचला की आजी चहा टाकायची. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. पण धूर, पाऊस आणि उजेड असे तिघेही त्या घरातून तिरके जातात हे मला सेक्शन काढेपर्यंत कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट उतरली त्या कागदावर. अंगण शून्य धरलं. पडवी १ फूट ९ इंच वर. तिच्यावर ओटी १ फूट. माजघर आणखी ६ इंच, आणि देवघराचा उंबरा त्याहून वर. नुसते आकडे लिहिले की कुणालाही वाटेल पावसाच्या पाण्यासाठी चढवलंय, आणि तसं ते होतंच. पण सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "माणसं कुठायत? सेक्शनमध्ये माणसं घाल, त्याशिवाय मला उंची कळत नाही." मी आजीला चुलीपाशी बसवलं. आजोबांना ओटीवरच्या झोपाळ्यावर. मामींना विहिरीच्या वाटेवर. मागच्या पडवीत, जिथे बायकांनी महिन्याचे ते चार दिवस बसायचं, तिथे कुणालाच नाही. आणि अंगणात काढायला हवे होते ते, नारळ पाडायला येणारे आबा. ते कधी पडवीची पायरी चढले नाहीत. चहा त्यांना अंगणात मिळायचा, आणि त्यांची कान तुटलेली कपबशी वेगळी, पडवीच्या वळचणीला कौल आणि वासा यांच्यामध्ये खोचलेली असायची. स्वतः काढायची, चहा प्यायचा, स्वतः धुवायची, परत खोचायची. म्हणजे ५ फूट २ इंच उंचीवर, अंगणातून हाताला येईल अशी. पाऊस, धूर, उजेड यांच्याइतकीच नेमकी. ती उंचीसुद्धा कुणीतरी योजलेली होती. मी अंगणात माड काढला. छान काढला, झावळ्या एकेक करून. ड्रॉइंगला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले आणि आजीने तो कागद फ्रेम करून ओटीवर लावला.

ती आजी माझी सगळ्यात लाडकी होती, हेही इथेच लिहून ठेवते.

काही वास्तूंना लपवायला जागाच नसते, कारण त्यांना दर्शनी बाजूच नसते. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारामोटेची विहीर बघितली असेल तुम्ही. शेतातून चालत जाता, ऊस, ज्वारी, आंब्याचं झाड, आणि समोर काहीच नाही. मग एकदम जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या. शके १६४१ ते १६४६ या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधवून घेतलेली ही विहीर. म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. आकडे पाटीवर वाचून काही होत नाही. खाली उतरत गेलं की दर दहा पायऱ्यांनी हवा बदलते, आधी मानेला कळतं, मग कानांना, कारण वरचे आवाज मिटत जातात. मध्ये कमान, कमानीवर महाल, त्याच्या पलीकडे विहिरीचा मोठा अष्टकोन, आणि वर काठावर मोटांच्या जागा. बैल वर चालायचे, पाणी खालून यायचं, आणि या दोहोंच्या मध्ये दगडी गारव्यात माणसं बसायची. याचा प्लॅन काढला तर शिवलिंगासारखा आकार दिसतो आणि सगळे तेवढंच सांगतात. पण तो आकार बघायला उडावं लागेल. माणूस म्हणून तुम्ही तिथे जे अनुभवता ते सगळं उभ्या छेदात आहे: कोण किती खाली, कोण किती वर, आणि पाणी कुठे. मी तिथे विद्यार्थी घेऊन जाते तेव्हा कॅमेरे पिशवीत ठेवायला लावते. कुरकुर होते.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची घरं समजायला मला याच विहिरीचा उपयोग झाला, हे उलट वाटेल. अहमदाबादेत त्यांनी १९६१-६२च्या सुमारास एक ट्यूब हाउस बांधलं होतं, जेमतेम १२ फूट रुंद, लांबुडकं. एअर कंडिशनर परवडणार नाही अशा कुटुंबासाठी. छप्पर दोन्ही बाजूंनी चढत माथ्याकडे जातं आणि माथा उघडा. तापलेली हवा उतरत्या छताच्या आतल्या अंगाने वर सरकते आणि निघून जाते, खालून दुसरी येते. आजोळच्या चुलीचा धूर आठवला की यात समजण्यासारखं अवघड काही उरत नाही. ते घर पुढे पाडलं, आता आहे तो फक्त कागदावरचा सेक्शन. त्याच शहरात साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी पारेख हाउस केलं, त्यात तर एका घरात दोन छेद ठेवले. एक उन्हाळ्याचा, खाली रुंद आणि वर निमुळता, दुपारच्या उन्हापासून आतला भाग झाकणारा. दुसरा हिवाळ्याचा, बरोबर त्याच्या उलट, वर उघडत जाणारा, थंडीतल्या सकाळ-संध्याकाळी गच्चीवर बसायला. माणसं ऋतूप्रमाणे एका छेदातून दुसऱ्यात राहायला जाणार. हे कुणाच्या प्लॅनमध्ये सुचणार? आणि मुंबईतली कांचनजंगा. कंबाला हिलवर उभी आहे, १९८३ साली पूर्ण झालेली, २१ मीटरचा चौरस आणि ८४ मीटर उंची, २८ मजल्यांत फ्लॅट फक्त ३२. मुंबईत समुद्र पश्चिमेला, वाराही तिकडूनच, आणि दुपारचं ऊन नि पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा घेऊन उत्तर दिलं होतं. कोरियांनी तो व्हरांडा उचलून कोपऱ्यात नेला, दोन मजले उंच केला आणि त्याची बाग केली. आतले मजले पायरी-पायरीने खालीवर होत एकमेकांत असे अडकवले आहेत, जशी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत. खालून, पेडर रोडच्या गर्दीतून टॅक्सीतल्या माणसाला दिसतात त्या इमारतीला पडलेल्या चौकोनी खाचा. म्हणजे सेक्शन बाहेरून दिसतो. मला तो धाडसीपणा वाटतो. (तिथले फ्लॅट कुणाला परवडतात हा वेगळा छेद आहे, त्यात आज शिरत नाही.)

भोरच्या घरात एक सेक्शन मात्र मी मनापासून काढला होता, आणि तो काढायला लावला घरमालकांच्या आईने. काकूंना प्लॅन दाखवत होते. त्यांनी चष्मा लावून आपली खोली शोधली, बोट ठेवलं आणि विचारलं, "मार्गशीर्षात ऊन कुठवर येईल गं आत? माझे गुडघे आहेत." मी "येईल हो काकू, दक्षिणेला खिडकी आहे" असं काहीतरी बोलले आणि ऑफिसात येऊन गप्प बसले, कारण मला माहीत नव्हतं. मग काढलं. आपल्याकडे २१-२२ डिसेंबरला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो, त्याहून वर येत नाही. लिंटेल, म्हणजे खिडकीची वरची कड, ७ फुटांवर, छज्जा २ फूट, खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, नेहमीसारखी ३ फुटांवर. छज्ज्याच्या टोकावरून एक तिरकी रेघ, सिलच्या आतल्या कडेवरून दुसरी. दोन्हींच्या मध्ये जमिनीवर किती ऊन उरलं? १० इंच. भिंतीपासून पावणेतीन फुटांवर, १० इंचांची पट्टी. त्यात एक गुडघा मावला असता. छज्जा कमी केला तर पावसाळ्यात खिडकी उघडता येणार नव्हती. मग सिल दीड फुटावर आणली. खिडकी जवळपास दारासारखी झाली, पण पट्टी सव्वादोन फुटांच्या आसपास गेली. मार्चमध्ये सूर्य एकाहत्तर-बहात्तर अंशांवर चढतो तेव्हा तोच छज्जा जवळजवळ ६ फूट सावली पाडतो आणि खिडकी पूर्ण झाकली जाते. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा तर प्रश्नच नाही. कोन मोजायला अर्धा तास लागला असेल. पण काकूंनी विचारलं नसतं तर ३ फुटांची सिल तशीच राहिली असती, मी आजवर केलेल्या शंभरेक घरांत राहिली तशी.

ऑफिसातल्या मुलांना मी हे सगळं सांगते तेव्हा ती ऐकून घेतात. त्यांच्या पडद्यावर अख्खं घर उभं असतं आणि माउसने एक पातळी सरकवली की ते पावाच्या लादीसारखं कापत जातं, हवं तिथे, हवं तितक्यांदा. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. तीन वाजता जागायला लागत नाही, पावडर लागत नाही. त्या दिवशी संध्याकाळी साइटवरून परत येऊन मी एका मुलाला म्हटलं, "जिन्यातून काप." त्याने कापलं, एका सेकंदात. जिना सुरेख वर जात होता, डोक्यावर भरपूर मोकळी जागा. कारण मॉडेलमध्ये बीमच नव्हता. स्लॅब ५ इंचांचा, कागदासारखा तरंगणारा. "मॅम, आरसीसीचं ड्रॉइंग नंतर आलं ना," तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. मी त्याला बोलले नाही. त्यानं हॉलमधल्या बाईच्या कपातून वाफसुद्धा काढली होती, आणि ती मीच काढायला सांगितली होती.

तर त्या दुपारी. आरसीसीवाल्यांना फोन लावला, त्यांनी ड्रॉइंग समोर घेतलं, थोडा वेळ "हं, हं" केलं आणि म्हणाले, बीम उलटा करा. म्हणजे खाली लोंबण्याऐवजी स्लॅबच्या वर उभा राहील. सळया सोडून पुन्हा बांधाव्या लागतील, रिंगा तशाच चालतील. फोन ठेवून मी मिस्त्रींना ते समजावून सांगायला कागद शोधू लागले, तोवर त्यांनी विटेचा एक तुकडा उचलला होता. जिना डोंगराकडच्या धारक भिंतीला लागून होता, आणि त्या भिंतीवर त्यांनी महिन्याभरापूर्वीच निळीची लाइनदोरी मारून सगळ्या वीस पायऱ्या काढून ठेवल्या होत्या, एकेक पायरी ६ इंच, खऱ्या मापात. मी रोज तिथून जात होते. ते आपल्या सोयीची खूण म्हणून बघत होते आणि मी भिंतीवरचे डाग म्हणून. साइटवरचा एकमेव खरा सेक्शन तो होता. त्याला स्केल नव्हती, कारण लागत नव्हती. त्यांनी सहाव्या पायरीवर पाय ठेवला, भिंतीवर विटेने स्लॅबची नवी रेघ मारली, तिच्यावर बीमचा उभा ठोकळा काढला, मग सहाव्या पायरीवर एक माणूस. गोल डोकं, खाली काठी, दोन हात. डोक्यावर टोपीही काढली. "आता जातोय बगा," म्हणाले. डोक्यावर ६ फूट ७ इंच निघाले.

स्लॅब दोन दिवस पुढे गेला, मिक्सरचं त्या दिवसांचं भाडं मी दिलं. वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आता १३ इंच उंचीचा एक कट्टा उभा आहे, ड्रॉइंगमध्ये कधीच नसलेला. त्याच्या पलीकडच्या कडेला रेलिंग बसवलं, वर कडाप्पा टाकला. घरमालक आलेल्या-गेलेल्याला कौतुकाने तो दाखवतात आणि म्हणतात, मॅडमची आयडिया. मी पहिल्यांदा खरं सांगायचा प्रयत्न केला. ते विनय समजले.

वास्तुशांत पुढच्या वैशाखात झाली. काकूंची खुर्ची दीड फुटाच्या सिलपाशी मांडलेली होती; ऊन तिथे यायला अजून सात महिने होते, पण जागा धरून ठेवलेली बरी असं त्यांचं म्हणणं. जेवणं उरकली आणि मिस्त्री आपल्या माणसांना घर दाखवायला निघाले. कोरी टोपी, मागे बायको, सुना, सगळ्यांत मागे पाच-सहा वर्षांची नात. धारक भिंतीला आता गिलावा आणि वर पांढरा रंग. जिन्याला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि सहाव्या पायरीवर मिस्त्रींनी मान खाली घातली. वर नुसतीच हवा होती. त्यांच्या मागून बायकोने पदर सावरत मान घातली. सुनांनी घातली. आणि शेवटी ती नात, जिच्या डोक्यावर तीनेक फूट मोकळी जागा होती, ती सहाव्या पायरीवर थांबली, अगदी खाली वाकली आणि पळत वर गेली.